वैद्यकीय गांजा आणि गंभीर आजारी रुग्णांवरील फौजदारी खटले : अमेरिकेतील कायद्याचा एक अभ्यास

सारांश :

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अनेक घटक राज्यांनी वैद्यकीय कारणासाठी गांजाच्या वापरास मान्यता दिली; मात्र संघीय कायद्याने तोच वापर गुन्हा मानला. या विसंगतीचा सर्वाधिक भार कर्करोग, एड्स, मल्टिपल स्क्लेरोसिस यांसारख्या व्याधींनी ग्रस्त रुग्णांवर पडला. प्रस्तुत लेखात या खटल्यांची कायदेशीर पार्श्वभूमी, 'आवश्यकतेचा बचाव' या तत्त्वाची वाटचाल, प्रमुख न्यायनिर्णय आणि २०१४ नंतरची स्थिती यांचा आढावा घेतला असून भारतीय कायद्याच्या संदर्भात त्यातून निघणाऱ्या बोधाचा थोडक्यात विचार केला आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : वैद्यकीय गांजा, आवश्यकतेचा बचाव, संघराज्य पद्धती, ज्यूरी, अमली पदार्थविषयक कायदा.

१. प्रस्तावना

फौजदारी कायद्याची उभारणी दोन घटकांवर झालेली असते. एक म्हणजे कायद्याने मना केलेली कृती आणि दुसरा म्हणजे त्या कृतीमागील दोषी मन. चोर आणि भुकेलेला, मारेकरी आणि स्वसंरक्षण करणारा यांच्यात कायदा जो भेद करतो तो या दुसऱ्या घटकाच्या आणि परिस्थितीच्या आधारे. अमली पदार्थविषयक कायद्यांत मात्र हा भेद पुष्कळदा पुसला जातो. पदार्थ जवळ सापडला, त्याचे वजन झाले, रोपे मोजली गेली की गुन्हा सिद्ध होतो. तो पदार्थ कशासाठी जवळ बाळगला हा प्रश्न गौण ठरतो.

केमोथेरपीमुळे अन्न पोटात न ठरणारा कर्करुग्ण किंवा स्नायूंच्या असह्य आखडलेपणाने त्रस्त झालेला मल्टिपल स्क्लेरोसिसचा रुग्ण जेव्हा गांजाचा आधार घेतो तेव्हा कायद्यापुढे खरा पेच उभा राहतो. तो गुन्हेगार आहे की रुग्ण? त्याच्या आजाराची हकिकत न्यायालयाने ऐकावी की नाही? अमेरिकेत १९७० च्या दशकापासून हा प्रश्न वारंवार न्यायालयांपुढे आला. गांजा हे औषध आहे की नाही यापेक्षा 'आरोपीला आपण आजारी असल्याचे सांगण्याचा अधिकार आहे काय' हाच या खटल्यांमधील कळीचा मुद्दा राहिला आहे.

२. कायदेशीर पार्श्वभूमी

अमेरिकेत १९३७ च्या मारिहुआना कर कायद्याने गांजाच्या व्यवहारावर प्रथम देशव्यापी नियंत्रण आणले. त्यानंतर १९७० मध्ये नियंत्रित पदार्थ कायदा संमत झाला. या कायद्याने अमली पदार्थांची विभागणी पाच अनुसूचींत केली. पहिल्या अनुसूचीत येणाऱ्या पदार्थांसाठी तीन निकष आहेत : गैरवापराची मोठी शक्यता, मान्यताप्राप्त वैद्यकीय उपयोगाचा अभाव आणि वैद्यकीय देखरेखीखालीही सुरक्षिततेचा अभाव. गांजाचा समावेश हेरॉइनसोबत या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. मॉर्फिन आणि कोकेन हे पदार्थ मात्र दुसऱ्या अनुसूचीत आले. म्हणजे डॉक्टर त्यांचा मर्यादित वापर करू शकत होते.

या वर्गीकरणाचे परिणाम दूरगामी होते. पहिल्या अनुसूचीतील पदार्थ डॉक्टर औषध म्हणून लिहून देऊ शकत नाही. त्यामुळे रुग्णाला कायदेशीर मार्गच उरत नाही. शिवाय शिक्षेचे प्रमाण रोपांच्या संख्येवर ठरते. शंभर किंवा त्याहून अधिक रोपे असल्यास किमान पाच वर्षे आणि एक हजार रोपे असल्यास किमान दहा वर्षे कारावास, अशी संघीय कायद्यातील तरतूद आहे. ही रोपे विक्रीसाठी लावली की रुग्णांच्या गटाने आपल्यासाठी लावली याने या आकड्यांत फरक पडत नाही.

वर्गीकरण बदलावे यासाठीचा पहिला अर्ज १९७२ मध्येच दाखल झाला होता. दीर्घ सुनावणीनंतर १९८८ मध्ये अमली पदार्थ अंमलबजावणी प्रशासनाचेच प्रशासकीय न्यायाधीश फ्रान्सिस यंग यांनी गांजा दुसऱ्या अनुसूचीत हलवावा अशी शिफारस केली. प्रशासनाच्या प्रमुखांनी १९८९ मध्ये ती फेटाळली आणि १९९४ मध्ये अपिलीय न्यायालयाने हा नकार कायम ठेवला. अशा रीतीने प्रशासकीय मार्ग बंद झाला आणि प्रश्न फौजदारी न्यायालयांत रेंगाळत राहिला.

३. आवश्यकतेचा बचाव : रँडल खटला आणि नंतर

रॉबर्ट रँडल हे काचबिंदूचे रुग्ण होते. आपली दृष्टी टिकवण्यासाठी त्यांनी वॉशिंग्टन शहरातील घरी गांजाची रोपे लावली होती. १९७५ मध्ये त्यांना अटक झाली. गुन्हा नाकारण्याऐवजी त्यांनी 'आवश्यकतेचा बचाव' मांडला. इंग्लिश सामान्य कायद्यातून आलेल्या या तत्त्वानुसार, मोठे अनिष्ट टाळण्यासाठी लहान अनिष्ट पत्करणाऱ्यास दोषी धरू नये. मात्र त्यासाठी तीन अटी आहेत. आरोपीने ती परिस्थिती स्वतः ओढवून घेतलेली नसावी, त्याच्यापुढे दुसरा कमी हानिकारक पर्याय नसावा आणि टाळलेले अनिष्ट हे केलेल्या कृत्यापेक्षा अधिक गंभीर असावे. १९७६ मध्ये न्यायालयाने या तिन्ही कसोट्या लावून रँडल यांना निर्दोष ठरवले. अंधत्वाच्या तुलनेत स्वतःपुरती काही रोपे लावणे हे लहान अनिष्ट ठरले.

या निकालाचा परिणाम न्यायालयाबाहेरही झाला. १९७८ मध्ये संघीय शासनाने एक विशेष योजना सुरू केली. तिच्यानुसार मिसिसिपी विद्यापीठाच्या शासकीय शेतात पिकवलेला गांजा मोजक्या रुग्णांना शासनाकडूनच पुरवला जाऊ लागला. एकीकडे ज्या पदार्थाला वैद्यकीय उपयोग नाही असे कायदा सांगत होता, तोच पदार्थ शासन रुग्णांना पाठवीत होते. एड्सच्या साथीत अर्जांची संख्या वाढू लागली तेव्हा १९९२ मध्ये ही योजना नव्या रुग्णांसाठी बंद करण्यात आली. आधीच्या रुग्णांचा पुरवठा मात्र चालू राहिला.

घटक राज्यांच्या न्यायालयांत या बचावाला मिळालेला प्रतिसाद संमिश्र होता. वॉशिंग्टन राज्याच्या अपिलीय न्यायालयाने १९७९ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या एका रुग्णाला हा बचाव मांडू देण्याची भूमिका घेतली. फ्लोरिडातील अपिलीय न्यायालयाने १९९१ मध्ये जेंक्स खटल्यात एका दांपत्याची शिक्षा रद्द केली. हिमोफिलियाग्रस्त पतीला रक्तघटकांच्या उपचारातून एचआयव्हीची लागण झाली होती व त्याच्याकडून पत्नीला ती झाली होती; त्यांच्या घरी गांजाची दोन रोपे सापडली होती. याउलट न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाला हा बचाव नाकारला. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्क्लेरोडर्मा या दुर्धर विकाराच्या रुग्णाबाबत तीच भूमिका घेतली.

नकार देणाऱ्या न्यायालयांचा युक्तिवाद समजून घेणे आवश्यक आहे. कायदेमंडळाने पदार्थाचे वर्गीकरण करताना हितअहिताचा तोल आधीच केलेला आहे; तो न्यायालयाने पुन्हा करणे म्हणजे कायदेमंडळाच्या अधिकारात हस्तक्षेप होय, असे त्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या भक्कम आहे. परंतु आवश्यकतेचे तत्त्व मुळात कायदेमंडळाला आधी दिसू न शकलेल्या प्रसंगांसाठीच अस्तित्वात आले, हेही विसरता येत नाही. एकाच आजाराचा रुग्ण एका राज्यात निर्दोष आणि शेजारच्या राज्यात दोषी ठरत असेल, तर तेथे न्यायापेक्षा भूगोलच निर्णायक ठरतो.

४. राज्यांची मान्यता आणि संघाची कारवाई

५ नोव्हेंबर १९९६ रोजी कॅलिफोर्नियातील मतदारांनी 'प्रस्ताव २१५' सुमारे ५५.६ टक्के मतांनी संमत केला. डॉक्टरांच्या शिफारशीवरून रुग्णाला व त्याची काळजी वाहणाऱ्या व्यक्तीला गांजा बाळगण्यास व पिकवण्यास राज्याच्या कायद्यातून सूट मिळाली. येथे 'शिफारस' हा शब्द महत्त्वाचा आहे. औषधचिठ्ठी संघीय कायद्याच्या कक्षेत येत असल्याने डॉक्टर ती देऊ शकत नव्हते. केवळ शिफारस करणाऱ्या डॉक्टरांचाही परवाना काढून घेण्याचा इशारा संघ शासनाने दिला. २००२ मध्ये नवव्या परिमंडळाच्या अपिलीय न्यायालयाने कोनंट विरुद्ध वॉल्टर्स या खटल्यात असा निर्णय दिला की, डॉक्टर व रुग्ण यांच्यातील संवाद हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असून शिफारशीबद्दल डॉक्टरला शिक्षा करता येणार नाही. डॉक्टरला असे संरक्षण मिळाले. त्याचा सल्ला मानणाऱ्या रुग्णाला मात्र ते मिळाले नाही.

या काळातील सर्वांत वेदनादायक प्रकरण पीटर मॅक्विल्यम्स या लेखकाचे आहे. १९९६ मध्ये त्यांना एड्स आणि लसिकाग्रंथींचा कर्करोग असल्याचे निदान झाले. औषधांमुळे होणाऱ्या उलट्या थांबवण्यासाठी ते गांजा वापरत असत. तसे केल्याखेरीज औषधे पोटात टिकत नाहीत असे त्यांचे म्हणणे होते. १९९८ मध्ये त्यांच्यावर संघीय न्यायालयात गांजा पिकवण्याच्या कटाचा आरोप ठेवण्यात आला. जामिनावर सुटताना गांजा न वापरण्याची अट घालण्यात आली व त्यासाठी लघवीची तपासणी होत असे. १९९९ मध्ये न्यायालयाने असा आदेश दिला की, ज्यूरीपुढे त्यांचा आजार, गांजाचा वैद्यकीय उपयोग किंवा कॅलिफोर्नियाचा कायदा यांपैकी कशाचाही उल्लेख करता येणार नाही. बचावाला काहीच शिल्लक न राहिल्याने त्यांनी कमी गंभीर आरोप कबूल केला. शिक्षा सुनावली जाण्यापूर्वीच १४ जून २००० रोजी त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर निर्णय दिला. संयुक्त संस्थाने विरुद्ध ओकलंड गांजा ग्राहक सहकारी संस्था या खटल्यात २००१ मध्ये न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलेल्या निकालात, पहिल्या अनुसूचीतील पदार्थाच्या उत्पादन व वितरणास वैद्यकीय आवश्यकतेचा अपवाद लागू नाही, असे ठरवण्यात आले. खटल्यात भाग घेणाऱ्या आठही न्यायमूर्तींनी निकालास संमती दिली. परंतु तिघांनी स्वतंत्र मतपत्रात, एखाद्या गंभीर आजारी रुग्णाचा प्रश्न उद्या पुढे आला तर तो खुला ठेवावा, असे सुचवले.

५. ज्यूरीपासून लपवलेले सत्य

मॅक्विल्यम्स यांच्या प्रकरणात दिसलेली पद्धत पुढे अनेक खटल्यांत रूढ झाली. ओकलंडचे एड रोझेन्थाल हे स्वतः रुग्ण नव्हते. ते रुग्णांच्या संस्थेसाठी गांजाची रोपे तयार करीत असत आणि ओकलंड नगरपालिकेने त्यांना त्या कामासाठी अधिकृत दर्जा दिला होता. जानेवारी २००३ मध्ये संघीय न्यायालयात ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले. नगरपालिकेची मान्यता किंवा वैद्यकीय हेतू यांबद्दल ज्यूरीला काहीही सांगण्यात आले नव्हते. वस्तुस्थिती कळल्यावर ज्यूरीतील अनेक सदस्यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला. न्यायाधीश चार्ल्स ब्रायर यांनी त्यांना केवळ एक दिवसाचा कारावास दिला.

या घटनेचे महत्त्व शिक्षेच्या सौम्यतेत नाही. ज्यूरी पद्धतीचा मूळ हेतू, सामान्य नागरिकांच्या विवेकाची जोड कायद्याला द्यावी, हा आहे. पुराव्याच्या कायद्यानुसार अप्रस्तुत बाबी वगळता येतात हे खरे. आवश्यकतेचा बचावच मान्य नसेल तर आजाराचा पुरावा तांत्रिकदृष्ट्या अप्रस्तुत ठरतो. परंतु शपथेवर 'सत्य, संपूर्ण सत्य' सांगणाऱ्या आरोपीला आपल्या कृतीचे एकमेव कारणच सांगता येऊ नये, ही स्थिती न्यायाच्या सामान्य कल्पनेशी विसंगत आहे.

खटला उभा न राहताही शिक्षा होऊ शकते याचे उदाहरण सांताक्रूझ येथे दिसले. तेथील रुग्णांच्या सामूहिक बागेवर ५ सप्टेंबर २००२ रोजी संघीय अधिकाऱ्यांनी छापा घालून १६७ रोपे उपटून नेली. या संस्थेचे अनेक सभासद मरणासन्न होते. संस्थापकांवर आरोपपत्र दाखल झाले नाही, परंतु रुग्णांचा वर्षभराचा साठा नष्ट झाला. काही दिवसांतच नगरपालिकेच्या आवारात लोकप्रतिनिधींच्या उपस्थितीत रुग्णांना गांजाचे वाटप करून या कारवाईचा निषेध करण्यात आला.

वॉशिंग्टन शहरातील २००४ ची एक घटना याहून गंभीर आहे. लहानपणीच्या अपघातामुळे मानेखालील शरीर लुळे पडलेल्या, रात्री श्वसनयंत्राची गरज असणाऱ्या एका तरुणास गांजा बाळगल्याबद्दल दहा दिवसांचा कारावास देण्यात आला. चारच दिवसांत कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. त्या शहरातील मतदारांनी वैद्यकीय गांजाच्या बाजूने १९९८ मध्येच ६९ टक्के मतदान केले होते. मात्र अमेरिकन काँग्रेसने त्या निर्णयाची अंमलबजावणी दशकभर रोखून धरली होती. आजारी माणसाच्या बाबतीत शिक्षेचे मोजमाप केवळ दिवसांत करता येत नाही, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

६. गोन्झालेस विरुद्ध रेइच

या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा निर्णय ६ जून २००५ रोजी आला. एंजल रेइच या मेंदूतील गाठीसह अनेक व्याधींच्या रुग्ण होत्या. गांजा थांबवल्यास त्यांच्या जिवाला धोका संभवतो असे त्यांच्या डॉक्टरांनी न्यायालयास सांगितले होते. दुसऱ्या अर्जदार डायान मॉन्सन यांना पाठीच्या कण्याचा तीव्र विकार होता. ऑगस्ट २००२ मध्ये मॉन्सन यांच्या घरी स्थानिक व संघीय अधिकारी एकत्र पोचले. त्यांचा वापर कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे वैध असल्याचा निष्कर्ष स्थानिक अधिकाऱ्यांनी काढला. तरीही तीन तासांच्या वादानंतर संघीय अधिकाऱ्यांनी त्यांची सहा रोपे नष्ट केली. एकाच दारात उभ्या असलेल्या दोन शासनांच्या प्रतिनिधींनी एकाच वस्तूबद्दल परस्परविरोधी निर्णय द्यावेत, यातच संघर्षाचे सारे स्वरूप सामावले आहे.

अर्जदारांचे म्हणणे असे होते की, घरी पिकवलेल्या, न विकलेल्या, राज्याबाहेर न गेलेल्या रोपांचा आंतरराज्य व्यापाराशी संबंध नाही. म्हणून त्यावर काँग्रेसचा अधिकार चालत नाही. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या सहा विरुद्ध तीन अशा निकालात हे म्हणणे फेटाळण्यात आले. त्यासाठी १९४२ च्या विकर्ड विरुद्ध फिलबर्न या निर्णयाचा आधार घेण्यात आला. त्या खटल्यात शेतकऱ्याने स्वतःच्या वापरासाठी पिकवलेल्या गव्हावरही संघाचे नियंत्रण मान्य झाले होते. कारण अशा अनेकांच्या कृतींचा एकत्रित परिणाम देशाच्या बाजारपेठेवर होतो. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी भिन्न मत नोंदवताना, राज्यांना सामाजिक प्रयोग करण्यास मोकळीक असावी हे संघराज्याचे वैशिष्ट्य या निकालाने डावलले असे म्हटले. विशेष म्हणजे त्या स्वतः आमदार किंवा मतदार असत्या तर प्रस्ताव २१५ च्या बाजूने मत दिले नसते हेही त्यांनी नमूद केले. त्यांचा आक्षेप गांजाच्या समर्थनातून आलेला नव्हता, तर अधिकारविभाजनाच्या तत्त्वातून आलेला होता.

बहुमताच्या निकालात रुग्णांच्या स्थितीबद्दल सहानुभूती होती व लोकशाही मार्गाने काँग्रेसकडे दाद मागण्याचा मार्ग सुचवलेला होता. रेइच यांचा जीविताच्या मूलभूत हक्काचा मुद्दा २००७ मध्ये नवव्या परिमंडळाच्या न्यायालयाने अमान्य केला. मात्र प्रत्यक्ष खटला भरला गेल्यास त्यांना आवश्यकतेचा बचाव लाभू शकेल असे मतही त्या न्यायालयाने व्यक्त केले. म्हणजे संरक्षण हवे असेल तर रुग्णाने आधी आरोपी व्हावे, असा त्याचा व्यावहारिक अर्थ झाला.

७. २०१४ नंतरची स्थिती

स्टीव्हन्स यांनी सुचवलेला मार्ग अंशतः खुला झाला तो डिसेंबर २०१४ मध्ये. रोहराबॅकर-फार दुरुस्ती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीने, राज्यांच्या वैद्यकीय गांजाविषयक कायद्यांच्या अंमलबजावणीत अडथळा आणण्यासाठी संघीय न्याय खात्याने निधी खर्च करू नये, असे बंधन घातले. कृतीचा गुन्हेगारी दर्जा तसाच ठेवून खटल्याचा खर्च रोखण्याचा हा वैशिष्ट्यपूर्ण उपाय होता. २०१६ मध्ये मॅकिंटॉश खटल्यात नवव्या परिमंडळाच्या न्यायालयाने, राज्याच्या कायद्याचे काटेकोर पालन करणाऱ्यांवरील खटले या तरतुदीमुळे थांबतात, असा अर्थ लावला. त्याच वेळी न्यायालयाने हेही बजावले की, ही तरतूद अर्थसंकल्पाशी जोडलेली असल्याने काँग्रेस ती केव्हाही मागे घेऊ शकते आणि मुदतीच्या आत जुन्या कृत्यांवरही खटले भरले जाऊ शकतात. पहिल्या परिमंडळाच्या न्यायालयाने २०२२ मध्ये 'काटेकोर पालना'ची ही कसोटी फार कडक असल्याचे मानून ती स्वीकारली नाही. परिणामी देशाच्या दोन भागांत संरक्षणाची दोन मापे निर्माण झाली.

वॉशिंग्टन राज्यातील केटल फॉल्स येथील एका कुटुंबाचा खटला या संक्रमणकाळात सापडला. २०१२ मध्ये सुमारे सत्तर रोपांवरून कारवाई झाली. २०१५ मधील सुनावणीत वैद्यकीय हेतू सांगण्यास मनाई होती. कुटुंबातील वृद्धास स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याने त्याच्यावरील आरोप मागे घेण्यात आले व त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. इतर तिघांना ज्यूरीने गंभीर आरोपांतून मुक्त करून रोपे पिकवल्याबद्दल दोषी धरले. पुढे २०१७ मध्ये, या खटल्यावर निधी खर्च करण्याचा आपणास अधिकार नव्हता, अशी कबुली खुद्द अभियोग पक्षाने दिली.

२०२४ अखेर अमेरिकेतील तीन-चतुर्थांशाहून अधिक राज्यांत वैद्यकीय गांजास मान्यता होती. परंतु राज्याची सीमा ओलांडल्यावर हे संरक्षण संपू शकते. अ‍ॅरिझोना राज्याचे रुग्ण-ओळखपत्र असलेला इराक युद्धातील एक जायबंदी सैनिक २०१६ मध्ये अलाबामातून प्रवास करताना पकडला गेला आणि परिवीक्षेच्या अटींचा भंग झाल्याने २०२० मध्ये त्यास पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, अलाबामानेही वैद्यकीय गांजाचा कायदा केला. मे २०२४ मध्ये संघीय न्याय खात्याने गांजा पहिल्या अनुसूचीतून तिसऱ्या अनुसूचीत हलवण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध केला. १९७२ च्या पहिल्या अर्जापासून या टप्प्यापर्यंत येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

८. वैज्ञानिक पुरावा आणि त्याच्या मर्यादा

या विषयावर लिहिताना भावनेच्या भरात गांजास सर्वरोगहारी मानण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार प्रौढांमधील दीर्घकालीन वेदना, केमोथेरपीमुळे होणारी मळमळ व उलट्या आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधील रुग्णांनी सांगितलेला स्नायूंचा आखडलेपणा यांबाबत गांजा किंवा त्यातील घटक उपयुक्त असल्याचा भरीव पुरावा आहे. अन्य अनेक विकारांबाबत पुरावा अपुरा आहे. ज्या काचबिंदूच्या आधारे रँडल यांना न्याय मिळाला त्याबाबत हे घटक परिणामकारक नसल्याकडेच उपलब्ध मर्यादित पुरावा झुकतो.

यावरून रँडल खटल्याचा निकाल चुकीचा ठरत नाही. न्यायालयाने तपासले ते उपलब्ध वैद्यकीय माहितीच्या आधारे एका रुग्णाने प्रामाणिकपणे केलेल्या निवडीचे औचित्य. औषधास मान्यता देणे हे न्यायालयाचे काम नव्हते. मात्र यातून एक गोष्ट सूचित होते. औषधाची परिणामकारकता ठरवण्याची योग्य जागा प्रयोगशाळा व रुग्णालय ही आहे. पहिल्या अनुसूचीतील निर्बंधांमुळे संशोधन कठीण झाले, संशोधनाअभावी वैद्यकीय उपयोग 'मान्य' झाला नाही आणि तो मान्य नाही म्हणून निर्बंध कायम राहिले. या दुष्टचक्रामुळे जो निर्णय वैद्यकाने घ्यायचा तो फौजदारी न्यायालयांवर येऊन पडला.

९. भारतीय कायद्याचा संदर्भ

गांजाचे परिणाम तपासण्यासाठी ब्रिटिश शासनाने १८९३-९४ मध्ये नेमलेल्या भारतीय भांग-गांजा आयोगाने मुंबई इलाख्यासह देशभर साक्षी नोंदवून, संपूर्ण बंदीऐवजी नियमनाची शिफारस केली होती. स्वतंत्र भारतात १९८५ चा गुंगीकारक औषधे व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम या विषयाचे नियमन करतो. या कायद्याच्या व्याख्येत चरस आणि झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा यांचा समावेश आहे. शेंड्याविना असलेली पाने व बिया वगळल्या आहेत. कलम ८ मध्ये वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजनाचा अपवाद आहे, परंतु तो परवान्याच्या चौकटीतच चालतो. एखाद्या रुग्णाने परवान्याशिवाय एक किलोग्रॅमपर्यंतचा, म्हणजे 'अल्प प्रमाणा'तील, गांजा बाळगल्यास २०१४ च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आजारपण हा त्यास स्वतंत्र अपवाद नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये, म्हणजेच जुन्या दंड संहितेच्या कलम ८१ मध्ये, अन्य हानी टाळण्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीस संरक्षण आहे. हे तत्त्व रँडल खटल्यातील तत्त्वाच्या जवळचे आहे.

भारतातील अधिक बोलका अनुभव मॉर्फिनचा आहे. १९८५ च्या कायद्यातील कठोर शिक्षा आणि राज्यागणिक वेगवेगळ्या परवान्यांची गुंतागुंत यांमुळे अनेक रुग्णालयांनी व औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. अफूचे वैध उत्पादन करणाऱ्या देशातच कर्करुग्णांना वेदनाशामक मिळेनासे झाले. ही चूक दुरुस्त करण्यासाठी २०१४ मध्ये 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' असा वर्ग निर्माण करून परवाना पद्धती सोपी करावी लागली. खटल्याची भीती केवळ अवैध व्यवहार रोखत नाही, ती वैध उपचारही आक्रसून टाकते. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजा १९६१ च्या कराराच्या सर्वांत कडक अनुसूचीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळला, तेव्हा भारताने वगळण्याच्या बाजूने मतदान केले होते. देशांतर्गत कायद्यात रुग्णाचा विचार कसा व्हावा, हा प्रश्न त्यामुळे भारतीय अभ्यासकांसाठीही परका राहिलेला नाही.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) गंभीर आजारी रुग्णांवरील खटल्यांचे मूळ त्यांच्या कृतीपेक्षा पदार्थाच्या वर्गीकरणात आहे. वर्गीकरण बदलण्याचा प्रशासकीय मार्ग रोखला गेल्यामुळे फौजदारी न्यायालयांवर त्यांच्या कक्षेबाहेरचा भार पडला.

२) आवश्यकतेच्या बचावाने काही रुग्णांना न्याय मिळाला, परंतु त्याचा स्वीकार न्यायालयागणिक बदलत राहिल्याने तो विश्वासार्ह संरक्षण ठरू शकला नाही.

३) आजाराचा पुरावा ज्यूरीपासून दूर ठेवण्याच्या पद्धतीमुळे निकाल कायदेशीर राहिले तरी त्यांची नैतिक मान्यता दुबळी झाली.

४) निधी रोखण्यासारखे तात्पुरते उपाय खटले थांबवतात, परंतु भय संपवत नाहीत. दरवर्षी नूतनीकरणाची गरज असलेले संरक्षण हे हक्क या संज्ञेस पात्र होत नाही.

५) रुग्णास सूट देणे म्हणजे अमली पदार्थांच्या व्यापारास मोकळीक देणे नव्हे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र, प्रमाणाची मर्यादा आणि नोंदणी यांच्या आधारे हा भेद करता येतो, हे अनेक राज्यांच्या कायद्यांनी दाखवले आहे.

अमली पदार्थांच्या प्रसारास आळा घालणे हे शासनाचे कर्तव्य आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु ज्याच्या शरीराने आधीच त्याची साथ सोडली आहे, त्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून त्याच्या आजाराबद्दल मौन पाळण्यास सांगणे, हे त्या कर्तव्याचा भाग असू शकत नाही. रुग्णाची हकिकत ऐकून घेतल्यावरही न्यायालय त्याला दोषी ठरवू शकेल. मात्र ती न ऐकता दिलेला निर्णय न्यायाच्या कसोटीस उतरत नाही.